एका हाताचा चाकू

शिलाई मशीनची सुई बदलायची झाली तरी शेजारणीला हाक मारणारी एक बाई पन्नाशीला टेकल्यावर चाकूची कारागीर व्हायला निघाली. ती बाई मीच. आता नातवंडांना हे सांगायला लागले की ती हसून लोळतात, आणि मी त्यांच्याहून मोठ्यानं हसते. माझ्या त्या वेळच्या ध्यानाला हसायचा पहिला मान माझाच आहे, तो मी कुणाला देत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आमचे हे गूळ मार्केटात एका अडत दुकानात कामाला होते. गावोगावच्या गुऱ्हाळांतून गुळाच्या ढेपा यायच्या, दुकानापुढं ओळीनं मांडल्या जायच्या आणि सौद्याच्या वेळी व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ढेपेपुढं थांबत पुढं सरकायचा. ढेप आतून कशी आहे हे बघितल्याशिवाय कोण बोली लावणार? ते दाखवायचं काम ह्यांचं. खिशातला घडीचा चाकू काढायचा, ढेपेच्या कडेचा पातळ पापुद्रा कापायचा आणि व्यापाऱ्यापुढं करायचा. पापुद्रा जाड निघाला तर शेतकऱ्याचा जीव हळहळतो, फुटला तर व्यापारी नाक मुरडतो. ह्यांचा पापुद्रा म्हणे असा निघायचा की त्यातून पलीकडचा उजेड दिसावा. "म्हणे" अशासाठी की मी तो कधी बघितला नव्हता. सौद्यात बायका जात नसत. मला ठाऊक होता तो फक्त चाकू. रोज संध्याकाळी सदऱ्याच्या खिशातून निघायचा, चिकट, मुंग्यांना आवतण देणारा, आणि मी तो गरम पाण्यानं धुऊन ठेवायची.

उन्हाळ्यात मार्केट थंडावलं होतं. एका सकाळी दात घासताना ह्यांच्या हातातला ब्रश पडला. उचलायला वाकले ते तसेच खाली बसले. दवाखाना झाला, मालिश झालं, कुणी सांगितलं म्हणून कबुतराच्या रक्ताचं तेलही आणलं. त्याचा वास घरातून पावसाळाभर गेला नाही. पाय बराचसा परत आला, जीभही आली, आणि आल्या आल्या आधीसारखी चुरूचुरू बोलायला लागली. उजवा हात मात्र आला नाही. खांद्याला अडकवलेल्या पिशवीसारखा नुसता लोंबायचा.

शेठ बघायला आले. माणूस चांगला. मोसंबीची पिशवी कोपऱ्यात ठेवून म्हणाले, "दिवाळी पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा तुमच्याच हातानं निघायचा बघा. तोवर चांगले व्हा. आणि न्हाईच जमलं तर काट्यावर बसा की. तुम्हाला कोण जा म्हणतंय?"

शेठ गेल्यावर हे भिंतीकडं बघत म्हणाले, "काट्यावर बसा म्हणतोय."

"मग चांगलंच की ओ. बसायचं काम."

"वजन काय, कुणीबी बघतंय. काटाच सांगतोय ते." आणि त्या मोसंब्यांना हातसुद्धा लावला नाही.

तेव्हा मला कळलं, हे सगळं घडीच्या चाकूवर येऊन अडकलंय. ह्यांची नजर शाबूत होती, जीभ शाबूत होती, डावा हात बरा चालत होता. पण घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात. एकानं मूठ धरायची, दुसऱ्याच्या नखानं पातं ओढायचं. ह्यांनी दातानं उघडून बघितला. उघडला की! पण मार्केटात शंभर डोळ्यांपुढं तोंडात घातलेल्या चाकूनं कापलेला गूळ कोण तोंडात घालणार?

"मग उघडाच सुरा न्या," मी म्हटलं.

"सुरा घिऊन जाऊ? मला काय तिथं बकरी सोलायची हायत?"

"मग कुणाकडनं तरी उघडून घ्या."

"व्हय. आणि नाकबी त्याच्याकडनंच पुसून घेतो."

इथं शहाण्या बाईनं गप्प बसायचं असतं. पण माझी त्या वेळची अक्कल माझ्या वजनापेक्षा जरा कमीच भरली असती. मी मनाशी ठरवलं, एका हातानं उघडणारा चाकू मीच करणार. कुणाला न सांगता. आणि पाडव्याला ओवाळल्यावर ह्यांच्यापुढं ठेवणार. आपण ठेवलाय आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय, असं सगळं चित्र माझ्या डोक्यात आधीच तयार होतं. चाकू तेवढा व्हायचा होता.

ह्यांच्या जुन्या चाकूला हात लावायची माझी छाती नव्हती. महाद्वार रोडला फुटपाथवर कंगवे, नेलकटर, गाळण्या घेऊन बसणाऱ्याकडून मी साधा लाकडी मुठीचा घडीचा चाकू घेतला. तो विकणारा म्हणाला, "आंबं कापायला का मावशी?" मी म्हटलं, "व्हय." दिवस भादव्याचे. त्यानं माझ्याकडं जरा निरखून बघितलं आणि गप्प कागदात गुंडाळून दिला.

पात्यावर अंगठ्याला टेकायला काहीतरी उंचवटा हवा, म्हणजे मूठ धरलेल्या हाताचाच अंगठा पातं ढकलेल. एवढं माझं मी काढलं होतं, आणि त्या शोधावर मी दोन दिवस तरंगत होते. मी ब्लाउज शिवायची, त्यामुळं घरात टिचबटणांचा डबा भरलेला. नळ गळायला लागला की लावतात ती मळायची लांबी आणली आणि एक टिचबटण पात्याला चिकटवलं. रात्रभर वाळवलं. सकाळी अंगठा टेकवला, ढकललं, टिचबटण टप्पकन निघून डाळीच्या डब्यात गेलं. ते काही सापडलं नाही. पुढं कधी तरी कुणाच्या तरी आमटीत गेलं असणार. अजून कुणी तक्रार केली नाही.

मग मला माहेरची आठवण झाली. आमच्याकडं विळ्याची मूठ ढिली झाली की लाख वितळवून ओतायचे, मग ती मूठ माणूस म्हातारा झाला तरी हलायची नाही. मी कासाराकडून लाख आणली. लाख धरायची तर पातं गरम पाहिजे. म्हणून मी चाकू चिमट्यात धरला आणि गॅसच्या जाळावर पातं तापवत बसले, पापड भाजावा तसं उलटून पालटून. पातं आधी पिवळं झालं, मग मोराच्या मानेसारखं निळं. मला ते फारच सुंदर वाटलं. मूठ धुपायला लागली तेव्हा मी भानावर आले. लाख मात्र छान बसली, मण्यासारखी. दुपारी त्या चाकूनं वांगं कापायला घेतलं तर धार वांग्यावरच वळली. इतकं तापवल्यावर पोलाद मऊ पडतं, हे मला कोण सांगणार? मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मी परत महाद्वार रोडला गेले. तो म्हणाला, "संपलं वाटतं आंबं?"

दुसऱ्या चाकूला मी जाळ दाखवला नाही. जळलेल्या पंख्याची तांब्याची तार घरात होती. ती पात्याच्या बुडाशी, मुठीजवळ, घट्ट गुंडाळली, वर पिळून तिची हरभऱ्याएवढी गाठ केली आणि गाठीवरून लांबी चोपडली. आता घडी मिटेना, कारण तार मुठीच्या खाचेत मावेना. मग कानस घेऊन मुठीला एका बाजूनं खाच पाडत बसले. बोटं सोलली. "हे काय लागलं?" असं मुलगी विचारायची, तेव्हा खोबरं किसताना लागलं म्हणायची. ती कॉलेजात होती, तिला आईच्या बोटांपेक्षा खोबऱ्याची काळजी. "मग खोबऱ्याच्या वड्या कुठं हायत?" मला वड्या कराव्या लागल्या.

तरी पातं उघडताना फार जड जायचं. मुठीच्या पाठीला आतून एक पोलादी पट्टी असते, ती पात्याला दाबून धरते. ती मी थोडी घासली. थोडी म्हणत म्हणत जास्तच. सांध्यात मशीनचं तेल सोडलं. आता ह्याची परीक्षा कशी घ्यायची? मी काही डावरी नाही, आणि माझे दोन्ही हात चांगले. म्हणून मी साडीचा पदर आवळून उजवा हात कमरेला बांधून घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहून डाव्या हातानं चाकू उघडायला लागले. पहिल्यांदा पायावर पडला. दुसऱ्यांदा अंगठ्याचं साल गेलं. मग एकदा खटक असा आवाज आला आणि पातं सरळ उभं राहिलं. मी तिथंच एक गिरकी घेतली.

गिरकीत समोर दारात शेजारच्या अक्का, निपाणीकडच्या, हातात वाटी. अक्कांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. हात बांधलेला, दुसऱ्यात उघडा चाकू, आणि ही बाई नाचतीय.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "मी साखर मागायला आलते. नंतर येते की." आणि वाटी पोटाशी धरून गेल्या.

त्यांच्यामागं काठी टेकत हे उभे होते.

"हे काय गं? तुलाबी झटका आला व्हय?"

माझं पाडव्याचं सगळं चित्र त्या दारात सांडलं. बांधलेला हात सोडायचंही मला सुचलं नाही. ह्यांनी चाकू बघितला, तांब्याची गाठ बघितली, मुठीची खाच बघितली.

"ही चामखीळ कुणी बसवली?"

"मी."

"दिसतंयच ते." चाकू डाव्या हातात घेतला, अंगठा गाठीवर ठेवला, ढकललं. अर्ध्यात अडकला. पुन्हा ढकललं. खटक. पातं त्यांच्या नाकापुढं उभं राहिलं आणि हे त्याच्याकडं बघत राहिले. मिटवायचं कसं ते त्यांचं त्यांनीच काढलं, मांडीवर पात्याची पाठ टेकवून दाबायचं. मग पुन्हा खटक.

त्या दिवसापासून घरात दुसरा आवाज उरला नाही. चहा पिताना खटक, बातम्या ऐकताना खटक. पायजम्याला मांडीवर बारीक चिरा पडायला लागल्या, त्या मी शिवायची. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना सांग की, माझा अभ्यास हुईना." मी तिलाच दटावलं. शेजारपाजारचे बघायला आले की हे गप्पा मारता मारता सहज चाकू काढायचे, उघडायचे, मिटायचे आणि काही झालंच नाही असं तोंड करायचे. शेठकडं निरोप गेला, मुहूर्ताला येतो म्हणून. आणि मी? मी तर हवेत होते. अक्कांना मी सांगितलं, बाजारात मिळत न्हाय असला चाकू, घरी केलाय. अक्का म्हणाल्या, "व्हय, मी बघितलं की, नाचून करायचा असतोय."

पाडव्याला पहाटे ह्यांना उटणं लावलं, आंघोळ घातली, ओवाळलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, खिशात चाकू. सायकल आता जमत नव्हती, रिक्षातून उतरताना आधार लागायचा, म्हणून मीही निघाले. नवीन काठापदराची साडी नेसून.

"तू भाईरच थांब," हे रिक्षात म्हणाले.

"थांबते की."

पण मी काय बाहेर थांबणार? दुकानाच्या कडेला रिकाम्या पोत्यांची थप्पी होती, तिच्याआड उभी राहिले. इतकी वर्षं ज्याचं नुसतं ऐकलं तो सौदा बघायला मिळत होता. नवीन हंगामाचा गूळ, ढेपांवर हळदीकुंकू, झेंडूची फुलं, उदबत्तीचा आणि गुळाचा एकत्र वास. नारळ फुटला. घोळका जमला. पांढऱ्या टोप्या, हातात हात, कुणी ह्यांची पाठ थोपटतंय, "या या, बरं वाटतंय का आता?" ह्यांचा चेहरा कसा उजळला होता! लग्नातसुद्धा एवढा नव्हता.

शेठ पहिल्या ढेपेपाशी उभे राहिले. हे पुढं झाले. डावा हात खिशात गेला, चाकू बाहेर आला, अंगठा गाठीवर बसला आणि खटक. उघडला. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. आम्हाला हेच तर पाहिजे होतं. पोत्यांच्या आड मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

ह्यांनी पातं ढेपेच्या कडेला लावलं आणि पापुद्रा काढला. डाव्या हाताचा, त्यामुळं जरा जाड, पण सोन्यासारखा अख्खा निघाला. आणि खाली पडला. जमिनीवरच्या पोत्यावर, धुळीत.

घोळका थांबला. हेही थांबले. आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, मला कळलं की ते काम कसं असतं. एक हात कापतो, आणि दुसऱ्या हाताचा तळवा खाली धरलेला असतो. पापुद्रा त्याच्यावर उतरतो, आणि तोच तळवा व्यापाऱ्यापुढं जातो. हे ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते त्यांना वाटलंच नसणार. चालताना आपण दुसराही पाय उचलतो, हे कोण घरी येऊन सांगतं? मी महिनाभर चाकू उघडायच्या पाठी होते, हे महिनाभर उघडत मिटत होते, आणि घरात दोघांपैकी एकानंही त्या चाकूनं गुळाचा एक खडा कापून बघितला नव्हता. एवढी वांगी कापली मी!

ह्यांनी पुन्हा पातं लावलं. या वेळी पापुद्रा पात्यावरच तोलून धरायचा प्रयत्न केला. त्यांचा उजवा खांदा वर गेला, सदऱ्याची बाही हलली, हात होता तिथंच राहिला. पापुद्रा पात्यावरून घसरला, फुटला, पडला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मागच्या कुणीतरी घसा खाकरला. शेठ खिशातलं काहीतरी उगीच शोधत होते.

मी पोत्यांच्या मागून कधी निघाले ते मला आठवत नाही. पायाखाली नारळाचं पाणी होतं, त्यावर घसरता घसरता ह्यांच्या शेजारी येऊन उभी राहिले एवढं आठवतं. आणि ढेपेखाली पदर पसरला.

"वहिनी, तुम्ही?" शेठ म्हणाले.

हे ओठ न हलवता म्हणाले, "हो मागं."

"धरते की. कापा."

"मागं हो म्हणतोय."

"माणसं खोळंबल्यात. कापा."

त्यांनी कापलं. पापुद्रा पदरात पडला. मी पदर उचलून व्यापाऱ्यांपुढं केला, जशी काही जोगवा मागतीय. पुढच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं, मग नमस्कार केल्यासारखं करून पदरातला तुकडा उचलला, तोंडात टाकला. "गोड हाय की," म्हणाला, आणि बोली सुरू झाली. दुसऱ्या ढेपेला तसंच, तिसऱ्यालाही. ह्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. पापुद्रे जाड जाड होत गेले. चौथीपाशी शेठनं हळूच ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुहूर्त झाला. आता बसा जरा, दमला असाल." दुकानातला दुसरा एक माणूस पुढं आला. त्याच्या खिशात चाकू आधीपासूनच होता.

ह्यांनी पातं मांडीवर टेकवून मिटवलं, चाकू खिशात टाकला. शेठनं पेढे दिले. मी ते घेतले. आणखी काय करणार होते?

रिक्षा घरापाशी येऊन थांबली. उतरताना शेठचा माणूस मागून स्कूटरवर आला, फराळाचा डबा देऊन म्हणाला, "शेठ म्हणाले, उद्या काट्यावर या. वहिनींना तरास नको." मी हो म्हटलं. हे काठी टेकत आत गेले.

घरात येऊन मी भिंतीला टेकून बसले. साडीसुद्धा बदलली नाही. हेही समोर खुर्चीत. बऱ्याच वेळानं माझ्या पायाला काहीतरी चावलं. बघते तर उंबऱ्यापासून माझ्या पदरापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली. नव्या साडीचा काठ गुळानं चिकट, आणि त्यावर लाल मुंग्या भरलेल्या. उठून झटकायचं बळ माझ्यात नव्हतं.

हे बघत होते. मग खुर्ची पुढं ओढली, वाकले आणि डाव्या हातानं एकेक मुंगी पदरावरून उचलायला लागले. दोन मुंग्या निघायच्या तोवर चार यायच्या.

"चाकू बरा झालता," ते मुंगीकडं बघत म्हणाले.

"व्हय?"

"दुसरा हात तेवढा बसवायचा राहिला तुझा त्याला."

"लांबी संपली हुती ओ," मी म्हटलं.

ते हसले का, मला सांगता येत नाही, मान खाली होती. "उद्या जाणार काट्यावर?" मी विचारलं. "हलू नको," म्हणाले, "चावतील," आणि पदर जरा उजेडाकडं ओढून घेतला.